पनवेलच्या खाडीतल्या पाच ओहोट्या

माझी बी.एस्सी. अकरा वर्षं अडकून पडली होती. नापास झाले म्हणून नव्हे. वन्यजीव, मत्स्य आणि संवर्धन जीवशास्त्र असा लांबलचक नावाचा अभ्यासक्रम मी विदर्भातल्या एका कॉलेजात घेतला होता. प्राणिशास्त्र झालं, वनस्पतिशास्त्र झालं, रसायनशास्त्र झालं, जिला सगळ्या मुली रडायच्या ती संख्याशास्त्राचीही परीक्षा झाली. तिसऱ्या वर्षाचं शेवटचं क्षेत्रकार्य तेवढं बाकी होतं. वडील अचानक गेले, आईने घाईने लग्न ठरवलं, आणि समुद्रकाठी जायच्या आठवड्यात मी मेहकरला उंबरठा ओलांडून सासरी आले. पुढे मनू झाली. पुढे तिथल्याच एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. एवढी वर्षं मी मुलांना बेडूक-मासे बाटलीतून काढून दिले आणि बाटलीत ठेवून दिले.

गेल्या दिवाळीनंतर कॉलेजचं पत्र आलं. अभ्यासक्रम बदलतोय, जुन्या विद्यार्थ्यांना ही शेवटची संधी. सोबत अटींचा कागद होता. खाडीच्या मुखाजवळ पाच ओहोट्यांना हजर राहून जाळ्यात आलेल्या प्रत्येक जातीची संख्या, लांबी आणि स्थानिक नाव लिहायचं. किमान पंचवीस जाती. पक्ष्यांची एक मोजणी. स्थानिक मार्गदर्शकाची सही. मार्गदर्शक म्हणून कॉलेजने पनवेलच्या पाटकर सरांचं नाव दिलं होतं. माझी मावसबहीण ज्योती पनवेलजवळच करंजाड्याला राहते, नर्स आहे. राहायची सोय आपोआप झाली.

मी पाच दिवसांची रजा टाकली. प्रत्यक्षात राहिले आठ दिवस. ते का, तेच सांगायचं आहे.

रविवार, करंजाडे

रात्रभराच्या बसबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मान अवघडली, एवढंच.

करंजाडे हे गाव आहे असं मला वाटलं होतं. ते गाव नव्हे, इमारती आहेत. एकीसारखी दुसरी, आणि मधून रुंद रस्ते. ज्योती सहाव्या मजल्यावर राहते. तिच्या गॅलरीतून एका बाजूला डोंगर दिसतात आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या इमारतीची गॅलरी. आमच्या मेहकरात शेजारी काय शिजतंय ते वासावरून कळतं. इथे शेजारी कोण राहतं हे दाराच्या पाटीवरून कळतं.

मी खाली वॉचमनला विचारलं, "खाडी कुठे आहे हो?"

"कुठलं सेक्टर?" त्याने विचारलं.

ज्योतीलाही नक्की सांगता येईना. ती सात वर्षं इथे राहते. खाडी रिक्षाने पंधरा मिनिटांवर होती.

संध्याकाळी पाटकर सरांना फोन केला. बोलायला मऊ माणूस. म्हणाले, "काल पौर्णिमा झाली, म्हणजे उधाण आहे. उद्या पावणेसातला ओहोटी. सहाला या. आणि पेन्सिल घेऊन या."

मी पेन्सिल घेतली नाही. अकरा वर्षांनी अभ्यासाची वही लिहायला मिळत होती. ज्योतीच्या कपाटात निळं जेल पेन होतं, छान उठत होतं. तेच घेतलं.

सोमवार, मंगळवार, खाडी

पहाटे थंडी होती, पण आमच्याकडची कोरडी थंडी नव्हे. अंगाला चिकटणारी. धक्क्याशी चार होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. पाणी इतकं मागे गेलेलं की खाडी म्हणजे मधून वाहणारा एक ओहोळ आणि दोन्हीकडे राखाडी, चकचकीत चिखल. पलीकडे तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रांग. तिच्यामागे, जिथे कधीकाळी तिवरंच असणार, तिथे मातीचा उंच भराव आणि त्यावर उभे डंपर.

पाटकर सर आले ते घाईतच. हातात बॅग. "आई पडलीय रत्नागिरीला, खुब्याचं हाड. मला आत्ताच निघायला हवं," ते म्हणाले. मग मला एका बाईंपुढे उभं केलं. "या चांगुणाबाई. यांच्या जाळ्याच्या नोंदी घ्या. यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी आलो की सही करतो."

सर गेले. चांगुणाबाई साठीच्या असाव्यात. काष्टा घातलेला, कमरेला टॉवेल, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मावरं खातेस ना गो?"

"खाते. पण आमच्याकडे धरणातलं. मरळ, कटला, रोहू."

"नाय खात तं काय लिवशील म्हनून इचारला," त्या म्हणाल्या आणि होडीकडे चालू लागल्या.

त्यांचा दीर दामूदादा होडी हाकतो. खाडीत रोवलेल्या खुंट्यांना जाळं बांधलेलं असतं. पाणी उतरताना मासे त्यात अडकतात आणि ओहोटीला ते उपसायचं. पहिलं जाळं वर आलं तेव्हा मी पेन धरायचंच विसरले. पुस्तकात सगळे मासे एका बाजूने, स्वच्छ, शेपटी उजवीकडे असे काढलेले असतात. इथे सगळं एकात एक, हलणारं, चिखलाने माखलेलं. चांगुणाबाई दोन हातांनी निवडत होत्या आणि नावं सांगत होत्या. बोईट, शिंगाला, मांदेली, करंदी, चिंबोरी. मी पट्टी लावून लांबी मोजायची आणि लिहायची. शिंगाळ्याचा काटा पहिल्याच दिवशी अंगठ्यात गेला. हात कोपरापर्यंत ठणकला. दामूदादाने त्यावर चुना लावला आणि म्हणाला, "आता तू पास."

निवडलेलं मावरं घेऊन चांगुणाबाई बाजारात जातात. दोन्ही दिवस मी त्यांच्या पाटीशेजारी बसले. आमच्या मेहकरच्या बाजारात मासे आठवड्याला एकदा, एका कोपऱ्यात आणि बापे विकतात. इथे सगळा बाजार बायकांचा. पुरुष गिऱ्हाईक म्हणून येतात आणि ऐकून घेतात. एक पँट-शर्टवाला गृहस्थ कोलंबी दाबून पाहत होता तर चांगुणाबाई म्हणाल्या, "दादा, हात काय बगतोस तिचा, लगीन करायचा हाय काय?"

मंगळवारी दुपारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा बोटभर मासा, डोळे डोक्यावर. पुस्तकात त्याच्यावर अर्धा धडा आहे, कारण तो पाण्याबाहेर श्वास घेतो. कालवणात तो उत्तम लागतो, हे धड्यात नाही. आमच्याकडे माशाला लसूण आणि काळा मसाला एवढा घालतात की मासा कुठला ते कळू नये. इथे चिंच, थोडा नारळ, लाल मसाला, आणि मासा मासाच राहतो. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या हाताला तांदळाची भाकरी आधी कागदासारखी वाटली. तिसरी मी मागून घेतली.

त्या संध्याकाळी वहीत चोवीस जाती झाल्या होत्या. अजून एक मिळाली की अट पूर्ण. मी प्रमोदला, माझ्या नवऱ्याला, फोन करून सांगितलं. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मागे दुकानातली ठोकाठोक ऐकू येत होती.

"मंग शुक्रवारपर्यंत काहून राहतं? उद्याच ये," तो म्हणाला.

"पाच ओहोट्या पाहिजेत."

"बरं. मनूले सांगतो."

बुधवार, चिखल

बुधवारी सव्वाआठची ओहोटी. होडी निघायला वेळ होता. काठापासून दहा-पंधरा पावलांवर चिखलात निवट्यांची झुंज चालली होती. दोन नर पाठीचे पर उभारून एकमेकांवर तोंड वासत होते. भोवतीचे बाकीचे मला लांबून मोजता येत नव्हते, म्हणून वही काखेत घेऊन मी उतरले. पहिली चार पावलं घोट्यापर्यंत. पाचव्याला गुडघा गेला. सहावं टाकायला नको होतं.

मांडीपर्यंत आत गेले. पाय ओढायला गेले तर दुसरा खोल गेला. खाली काही लागत नव्हतं. मी ओरडले नाही. लाज वाटली. मग ओरडले.

"हालू नको!" चांगुणाबाई काठावरून गरजल्या. "पाय उपसू नको! आडवी हो. आडवी, आडवी, पोटावर!"

पोटावर पडायचं म्हणजे तोंड चिखलात. तरीही पडले. मांडीवरची पकड सैल झाली तशी थोडी सरकले. दामूदादा होडीतली फळी चिखलावर ढकलत, तिच्यावर छाती टेकून पोहत आल्यासारखा आला. मी फळी धरली. त्याने ओढलं. काठाला लागले तेव्हा पायात चपला नव्हत्या आणि काखेत वही नव्हती.

वही सापडली. ओहोळाच्या कडेला पाण्यात पडली होती. दामूदादाने काठीने काढली. पानं शाबूत होती, चिकटलीही नव्हती. फक्त त्यांच्यावर आता काहीच लिहिलेलं नव्हतं. निळ्या ढगांसारखे डाग पसरले होते. एका ठिकाणी 'बोई' एवढं वाचता येत होतं.

चांगुणाबाईंनी मला घरी नेऊन विहिरीवर तीन घागरी ओतल्या आणि त्यांच्या सुनेचा गाऊन घालायला दिला. त्या दिवशीचं जाळं त्यांनी एकटीने उपसलं. मी पाहिलं नाही.

संध्याकाळी सरांना फोन लावला. मागे हॉस्पिटलचा आवाज होता. आईचं ऑपरेशन झालं होतं, सर थकलेले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "आता काय करणार? आठवतंय तेवढं लिहा, बाकी अंदाजाने भरा. पुस्तकात लांबी दिलेली असतेच. मी सही करतो. सगळेच थोडंफार करतात हो."

ज्योती ड्यूटीवर होती. मी तिच्या जेवणाच्या टेबलावर नवी वही उघडली आणि सोमवार, मंगळवार लिहायला बसले. सुरुवातीला खरंच आठवून लिहीत होते. मग बोईटांची संख्या आठवेना. पाच की आठ? तेरा लिहिलं, तेरा खरं वाटतं. जिताडा आला होता हे नक्की, मोठा होता. साडेतीन किलो लिहिलं. मग हात सुटला. चोवीसच्या सव्वीस जाती झाल्या. वही सुरेख दिसत होती, आणि मला खोटं बोलल्यासारखं वाटतही नव्हतं. परीक्षेत राहिलेलं उत्तर पूर्ण केल्यासारखं वाटत होतं.

गुरुवार

जाळं उपसून झाल्यावर चांगुणाबाई धक्क्यावर चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधत बसल्या होत्या. मी शेजारी बसून म्हटलं, "मावशी, सोमवारचं आणि मंगळवारचं मी परत लिहिलं. वाचून दाखवू? नावं बरोबर आहेत का बघा."

"वाच."

"सोमवार. बोईट तेरा."

त्यांचे हात थांबले नाहीत. "सोमवारी बोईटं पाच व्हती. त्यातला येक मी घरा नेला."

"जिताडा एक, साडेतीन किलो."

"जिताडा मंगलवारी आला. आन येवडा व्हता." त्यांनी मनगटापासून कोपरापर्यंतची लांबी दाखवली. "साडेतीन किलोचा जिताडा हितं आला असता तं मी तुला बोलावून फोटू काडला असता. मंग?"

मी पुढे वाचलं. प्रत्येक ओळीला त्यांनी आकडा दुरुस्त केला. त्यांना दोन्ही दिवस जसेच्या तसे आठवत होते. दोन नावं आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्ये मावरं तं आलाच नाय. ह्ये कुनी सांगला तुला?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "अंदाजाने लिहिलं."

"अंदाजानं."

त्यांनी हातातली चिंबोरी टोपलीत ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चार वर्सांमागं दोगं आलती," त्या म्हणाल्या. "पँटवालं. कुटलं व्हतं ते आमाला कुनी सांगला नाय. आली ती भरतीला. पानी भरलेला, जालं बुडालेला, आमी घरा. त्यांनी लिवला, हितं मासेमारी नाय. च्या पिऊन गेली. मंग भराव पडला. आमी किती बोंबललो, पन कागूद बोलतो त्येच खरा. आता तू लिवतेस तेरा बोईटं आन साडेतीन किलोचा जिताडा. उद्या कोनी तुजा कागूद बगून बोलल, बगा, खाडीत मस मावरं हाय, भरावानं काय बिगडला? त्यांनी कमी लिवला, तू जास्ती लिवलास. आमचा दोनी बाजूनी मरान."

"माझी वही कोण बघणार आहे मावशी? ती कॉलेजात पडून राहील."

"मंग लिवतेस कशाला?"

मी विचारलं, "तुम्ही आत्ता सांगितलेले आकडे लिहू का? सोमवारची पाच बोईटं?"

"लांबी तू मोजलीवतीस. ती मना काय ठावं?" आणि त्या पुढची चिंबोरी बांधायला लागल्या.

मी पानं फाडली नाहीत. दोन्ही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'आठवणीने व अंदाजाने भरलेले. ग्राह्य धरू नये.' मग दामूदादाच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि त्या दिवशीचं जाळं पहिली ओहोटी म्हणून लिहायला घेतलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. पाच होत होत्या.

दुपारी प्रमोदला फोन केला.

"अजून तीन दिवस? काहून?"

मी सांगितलं. त्याने मागची ठोकाठोक थांबवायला लावली. मग म्हणाला, "मनूले ताप हाये कालपासून. तुले सांगत नव्हतो."

"किती?"

"एकशे एक. डॉक्टरले दाखवलं. व्हायरल म्हणते."

मी गॅलरीत उभी होते. समोरच्या गॅलरीत कोणाची तरी शाळेची वर्दी वाळत होती. "मी येऊ का?" मी विचारलं.

"तुले काय वाटते ते कर. ये म्हटलं तर तू अकरा वर्सं मले ऐकवशील, आन थांब म्हटलं तर आई मले ऐकवीन." मग म्हणाला, "थांब. तिच्याजवळ मी झोपतो. दुकान बंद ठेवतो उद्या."

मी थांबले. बरं वाटलं असं नाही. त्या दोन दिवसांत मी दर तासाला फोन केला आणि चौथ्या फोनला मनूच म्हणाली, "आई, मले झोपू दे ना."

शुक्रवार ते रविवार

शुक्रवारी ओहोटी आटोपून पक्ष्यांची मोजणी केली. उरणच्या वाटेवर पाणथळीत दीड तास बसले. शेकाट्यांना पाहून बरं वाटलं, लाल लांब पायांचे, आमच्या लोणारच्या तळ्यावर असतात तसेच. बाकी तुतारी आणि चिखल्या जातीचे लहान पक्षी इतके एकसारखे की ओळखताना डोळ्यांत पाणी आलं. जे ओळखता आले नाहीत त्यांच्यापुढे 'ओळख नाही' असं लिहिलं. एकदा लिहायला लागलं की ते सोपं जातं.

खाडीत मात्र उलटं चाललं होतं. उधाण सरत आलं होतं. सप्तमी-अष्टमीला पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. चांगुणाबाई त्याला भांग म्हणतात. भांगाला जाळ्यात मावरं येत नाही. शनिवारी पाच जाती, त्यातली नवी एक. रविवारी चार, नवी एकही नाही. मी रिकाम्या जाळ्याकडे पाहत असताना दामूदादा म्हणाला, "पौर्निमेला आलतीस तं पौर्निमेचाच लिवायचा व्हता." मी म्हटलं, "पेन्सिल नव्हती दादा."

शनिवारी संध्याकाळी ज्योतीच्या हॉस्पिटलातल्या एका सहकारी बाईंनी आम्हाला कोन गावातल्या त्यांच्या शेतावर बोलावलं. एक्स्प्रेसवेच्या आवाजाखाली अजून दोन-तीन शेतं उरली आहेत. तिथे पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, मसाला लावलेलं कोंबडं. तोंड पाल्याने बंद करून मडकं पालथं घालायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. आमच्याकडे याच दिवसांत हुरडा असतो. हुरडा हातावर चोळून गरम गरम, एकेकाला मिळेल तसा खायचा. पोपटी मात्र सगळ्यांना एकदमच मिळते. मडकं उघडेपर्यंत आत काय झालंय ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून सगळे गप्पा मारत वाट पाहतात. वालाची शेंग दातात ओढताना मला मनूची आठवण झाली आणि मी उठून फोन केला. ताप उतरला होता. तिने वरणभात खाल्ला होता. त्यानंतर मी कोंबडीचे दोन तुकडे खाल्ले.

सोमवार

शेवटची ओहोटी दुपारी. तीन जाती, त्यातलं एक खरबं नवीन. एकूण एकोणीस.

पाटकर सर रत्नागिरीहून थेट धक्क्यावर आले. दाढी वाढलेली. वही चाळताना रेघ मारलेल्या पानांवर ते थांबले आणि वर पाहिलं, मग पुढच्या जाती मोजत गेले. शेवटी म्हणाले, "एकोणीस. सहा कमी आहेत."

"हो सर."

"बाजारात आणखी सहा मिळतील की. पापलेट, सुरमई. जाळ्यात आले म्हणायचं."

चांगुणाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता मी म्हटलं, "नको सर."

सरांनी डोळे चोळले. "तुमच्यासारखं कुणी वागलं की आमची पंचाईत होते. मी गेली कित्येक वर्षं या वह्यांवर सह्या करतोय." मग अटींचा कागद मागून घेतला आणि खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. 'संख्या कमी असल्यास कारणे स्वतंत्र पानावर नमूद करावीत.' "हे कुणी वाचत नाही, कारण कुणाची संख्या कमी येत नाही. लिहा कारणं."

मी धक्क्यावर बसूनच लिहिलं. एक, तीन ओहोट्या भांगाच्या होत्या. दोन, नोंदी शाईने घेतल्यामुळे पहिल्या दोन दिवसांची माहिती नष्ट झाली, चूक माझी. मग चांगुणाबाई म्हणाल्या, "आन जे येत नाय ते?"

"ते कसं लिहू? मी पाहिलं नाही."

"मी बगलाय ना. माजा नाव लिव."

म्हणून तिसरं कारण असं झालं: 'चांगुणाबाई, वय अंदाजे साठ, यांच्या सांगण्यानुसार या जागी पूर्वी घोळ, रावस, पाला आणि वाम मिळत असत. भराव पडल्यानंतर यांपैकी काहीही मिळालेलं नाही.' मी ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा 'वाम' म्हणताच त्यांनी थांबवलं. "वाम येक डाव आलीवती. गेल्या शिमग्याला. तसा लिव." मी तसं लिहिलं. सरांनी सही केली. त्याखाली चांगुणाबाईंनी, एकेक अक्षर वेगळं काढत, आपलं नाव लिहिलं.

रात्रीच्या बसने निघाले. ज्योतीने डब्यात पोळी-भाजी दिली आणि चांगुणाबाईंनी सुक्या करंदीची पिशवी. बसमधले दोन प्रवासी जागा बदलून गेले. मला झोप छान लागली.

परत आल्यावर

तोंडी परीक्षा मार्चमध्ये झाली. टेबलापलीकडे तिघं होते. बोलत होत्या त्या बाहेरून आलेल्या मॅडम. माझी वही त्यांच्या हातात होती आणि त्या नेमकं ते रेघ मारलेलं पान बघत होत्या.

"ही दोन पानं काय आहेत?"

"खोटी आहेत," मी म्हटलं.

"मग ठेवली कशाला?"

"फाडली असती तर मी तीन दिवस जास्त का राहिले ते कळलं नसतं."

मधले सर खाकरले. मॅडमनी पान उलटलं. "आणि या चांगुणाबाई कोण? त्यांचं शिक्षण?"

"त्यांच्या जाळ्यावर मी नोंदी घेतल्या. तिसरी शिकल्या आहेत."

"पूर्वी घोळ मिळायचा, रावस मिळायचा, हे कशावरून?"

"ते मला सिद्ध करता येणार नाही मॅडम. म्हणून नोंदीत नाही लिहिलं. त्या असं सांगतात, एवढंच लिहिलंय."

त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. तिघं एकमेकांत काही बोलले. मग मला बोईटाचा शेपटीचा पर आणि निवटीचं श्वसन विचारलं. ते मला कुणीही झोपेतून उठवून विचारावं.

निकाल लागला. क्षेत्रकार्यात शंभरपैकी बावन्न. संख्या कमी, म्हणून गुण कमी. पण पास. अकरा वर्षांनी पदवी झाली. प्रमोदने दुकानात पेढे वाटले आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "बायको माशांची डॉक्टर झाली." मी दुरुस्त केलं नाही.

मग मी चांगुणाबाईंच्या सुनेच्या नंबरवर फोन लावला. सुनेने बाजारात नेऊन फोन त्यांच्या कानाला धरला. मागे गलका होता, कोणीतरी भाव करत होतं.

"मावशी, पास झाले," मी ओरडून सांगितलं.

"किती मार्क?"

"बावन्न. शंभरपैकी."

पलीकडे कोयत्याचा एक घाव वाजला. मग दुसरा.

"आन माज्या पानाला किती दिलं?"

"त्याला वेगळे मार्क नसतात मावशी. पण त्यांनी ते दोनदा वाचलं."

"दोनदा वाचला ना? मंग बास." आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "थांब रे जरा, माजा निकाल लागलाय."